तिरोडीला न थांबणारी गाडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. कोणाकडे मागते ते ठाऊक नाही, कारण ही वही मी कणकेच्या डब्यामागे ठेवते आणि कोणाला दाखवणार नाही. तरी चौथीच्या गुरुजींनी सवय लावली होती की आपली चूक असेल तर आधी बोलून मोकळं व्हावं. चौथीच्या पुढे मी शिकले नाही.

आता मी पाहिजे तेव्हा तिरोडीला जाऊ शकते. बालाघाटहून गाडीत बसायचं, वारासिवनी, कटंगी, मग तिरोडी. कोणी अडवत नाही. सासूबाईही काही म्हणत नाहीत. तिथे मायच्या खोलीला आता कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला आहे.

मी तिरोडीची. माय मॅंगनीजच्या खदानीवर दगड निवडायची. बाप मी दुसरीत असताना गेला. खदानीचा काळा भुगा मायच्या नखांत कायम असायचा, भाकरी थापताना पिठात उतरायचा, आणि मला वाटायचं भाकरीचा रंग असाच असतो. तिरोडीला रेल्वे स्टेशन होतं, पण तिथली रेल महाराष्ट्राकडे तुमसरला जायची. इकडे बालाघाटहून येणारी छोटी रेल कटंगीला येऊन संपायची. दोन्हींच्या मध्ये शेतं, थोडं रान, चार गावं. सायकलवाला माणूस दुपारच्या आत जाऊन येईल इतकंच अंतर. तेवढ्यात रूळ नव्हते.

लग्न होऊन निघाले तेव्हा वऱ्हाड ट्रॅक्टरने कटंगीला आलं आणि तिथून छोट्या रेलनं बालाघाटला. माझी पेटी ट्रॅक्टरमध्येच राहिली होती. गार्ड म्हणाला, जा, घेऊन या, आणि पेटी येईपर्यंत गाडी उभी राहिली. कोणाला त्यात नवल वाटलं नाही. ती गाडी तशीच होती. बांधावर बाई हात करून उभी दिसली की ड्रायव्हर गाडी थांबवायचा, टोपली वर घ्यायला लोक हात द्यायचे. गाडी सुटली तेव्हा माय खिडकीची सळई धरून सोबत चालू लागली. दुसऱ्या हातात लाखोळीच्या डाळीचे वडे होते, ते चालता चालता माझ्या तोंडात घालत होती. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं आणि बराच वेळ वेग वाढवला नाही. प्लॅटफॉर्म संपला, तरी ती गवतातून चालत होती.

रेलगाडी म्हणजे काय, ते मायला तेवढंच ठाऊक होतं. मलाही.

पहिल्या दिवाळीला मायचा निरोप आला. सासूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या, दोन नणंदा आल्या होत्या, नवरा दाढी करत होता. मी खूप वेळ दाराशी उभी राहिले. मला चारचौघांत बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

"आत्याबाई, माय बलावते. दिवाळीले."

"कशानं जाशीन वं?"

"बसनं."

"बसनं? खदानीच्या मजुराईसंगं खेटून?" त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "आपल्या घरची सून बसनं नाही जात. इथून तिरोडीले रेल जाईन ना, तेव्हा जाय. मंग रोज जाय."

मोठी नणंद इतकी हसली की तिला ठसका लागला. नवऱ्याच्या गालावर साबण होता, तोही हसला. वाक्य सगळ्यांना आवडलं आणि घरात राहून गेलं. सण आला, माझं तोंड उतरलं, की कोणीतरी विचारायचं, "काय वहिनी, आली का तुमची रेल?" पाच-सहा वर्षांनी मूल होत नाही हे नक्की झालं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लेकरू नाही, बाळ नाही, अन् हिले माहेराचे डोहाळे कायचे?" नवरा कचेरीत बाबू आहे. घरी तो फार बोलत नाही. त्याच्या वाटचं सगळं त्याची आई बोलते.

वीस-बावीस वर्षांत मी तीनदा तिरोडीला गेले. तिन्हीदा नवऱ्यासोबत त्याच्या मित्राच्या गाडीने, आणि तिन्हीदा अंधार पडायच्या आत परत. माय खाट टाकायची, जावयाला सरबत द्यायची आणि माझ्याकडे चोरून पाहायची. एकदा मी चुलीजवळ तिच्या शेजारी बसले तर नवऱ्याने घड्याळ पाहिलं. मी उठले.

मायला ते वाक्य मीच सांगितलं होतं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मंग रेल होईन ना. इंग्रजाइनं खदानीपर्यंत आणली, आता कटंगी काय दूर हाय?" तिने ते टोमण्यासारखं घेतलंच नाही, वायद्यासारखं घेतलं. त्यानंतर तिचे निरोप यायला लागले. बाजाराला आलेला माणूस, वारासिवनीला दिलेली कोणाची मुलगी, कोणीही. "साहेब लोक आले, दुर्बीण लावून पाहून गेले. तुह्या मायनं सांगतलं." "शेतात चुन्याच्या रेघा टाकल्या." मग पाऊस पडायचा, गुरं फिरायची, चुना जायचा. दोन-तीन वर्षांनी पुन्हा कोणी तरी दुर्बीण घेऊन यायचं आणि मायचा पुन्हा निरोप.

मग आमच्याकडची छोटी रेल बंद केली. मोठी करायची म्हणून रूळ उखडून नेले. कटंगीच्या बाजूला नुसता मातीचा वरंबा राहिला, त्याच्यावर लोक शेळ्या चारायचे. सासूबाई म्हणाल्या, "घे, होती तेही गेली." त्या वर्षी त्या फार खुशीत होत्या.

पण रेल आली. आधी मोठे रूळ कटंगीपर्यंत आले, मग पुढे काम निघालं. शेजारच्या काकूंकडे मोबाइल होता, त्यावर मायचा फोन आला. तिला दम लागत होता. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, हजेरीवर जाऊन राह्यली. रुळांखाली गिट्टी टाकायच्या कामावर. साठी कधीच उलटली होती.

"काहून वं माय? तुले कोण सांगतलं?"

"कोणी नाही. सगळे पैशासाठी टाकते, म्या तुह्यासाठी टाकून राह्यली. तुह्या रेलीची गिट्टी हाय."

काकू बाजूलाच होत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण परक्या घरात रडता येत नव्हतं.

पहिली गाडी निघाली त्या दिवशी बालाघाट स्टेशनात इंजिनाला झेंडूच्या माळा होत्या, बँड होता. नवरा जाऊन आला, येताना पेढा आणला. पेपरात आलं होतं की आता जिल्हा सगळ्या देशाशी जोडला गेला. नवऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आता लांबलांबच्या गाड्या इथून जाणार, रात्री झोपलं की सकाळी कुठच्या कुठे. मी पेढा देवापुढे ठेवला आणि वाढता वाढता म्हटलं,

"आत्याबाई, आता रेल तिरोडीले जाते."

जेवणं थांबली. नवऱ्याने पेपर पाहिला, जणू त्यात काही लिहिलं असेल.

"जाते तर जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "माह्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. तोवर घरचं कोण करन?"

ऑपरेशन नागपूरला व्हायचं होतं. त्यासाठी नवऱ्याने लांबच्या गाडीचं रिझर्वेशन केलं. ती कुठून तरी दूरवरून येते आणि कुठे तरी दूर जाते, बालाघाटला दोन-चार मिनिटं थांबते. तिरोडीवरून जाते, पण तिरोडीला थांबत नाही. हे मला तिकीट काढल्यावर कळलं. मी काकूंच्या मोबाइलवरून मायला सांगितलं की मंगळवारी तुझ्या गावावरून जाणार आहे, खिडकीतून पाहीन, तू घरीच राहा, गाडी थांबत नाही.

"थांबन ना," माय म्हणाली. "माणूस उभा दिसला की थांबते."

"नाही वं माय, ही मोठी हाय."

"मोठी असन तर काय झालं? चालवते तर माणूसच ना?"

मी जास्त बोलले नाही. मिनिटं काकूंची जात होती. आणि खरं सांगायचं तर मलाही आतून वाटत होतं की कदाचित थांबेल.

मंगळवारी आम्ही बसलो. डब्यातले लोक आदल्या दिवसापासून प्रवासात होते, अंगावर चादरी घेऊन झोपले होते, एकमेकांशी कळणार नाही अशा भाषेत बोलत होते. त्यांना बालाघाट म्हणजे चहा घ्यायची जागा. खिडकीची जागा सासूबाईंनी घेतली. त्यांना एका डोळ्याने दिसतच नव्हतं, दुसऱ्याने धुकं. वैनगंगेचा पूल गेला, वारासिवनी गेलं. कटंगी गेलं तेव्हा मी जीव एकवटून म्हटलं,

"आत्याबाई, आता तिरोडी येईन. जराक खिडकीशी बसू का? नंतर उठतो."

"मले हवा लागते," त्या म्हणाल्या. "अन् काय पाहाचं हाय तठी? काळे दगड?"

समोरचा माणूस हसला. त्याला शब्द कळले नसावेत, सूर कळला.

मी उठून दाराशी गेले. कोणी थांबवलं नाही, सगळ्यांना वाटलं संडासला गेली. बाहेर ती गिट्टी होती, नवीकोरी, फिकट, आणि मी तिच्याकडे पाहत होते. मग काळे ढीग दिसले, मग स्टेशन. गाडी जरा हळू झाली. माय प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला उभी होती. एका हातात फडक्यात बांधलेला डबा, दुसरा हात पुढे केलेला, बस थांबवतात तसा. ती इंजिनाकडे पाहत होती. इंजिन तिच्यापुढून गेलं. तिने हात खाली घेतला नाही. पुढचा डबा, त्याच्या पुढचा. मग तिने मला पाहिलं आणि लग्नाच्या दिवशी चालली होती तशी चालू लागली. पण ही गाडी तिच्या चालीची नव्हती. दोन पावलांत मी तिच्या पुढे निघून गेले.

मी आत वळले आणि साखळी ओढली. मला कोणी शिकवलं नव्हतं, साखळीवरची लाल अक्षरं तेवढी डब्यात चढल्यापासून पाहत होते. मला वाटलं, पेटीसाठी थांबली होती तशी थांबेल, गार्ड रागावेल, मी माफी मागेन, डबा घेईन.

गाडी प्लॅटफॉर्म सोडून बरीच पुढे जाऊन थांबली. आधी शांत झालं, मग सगळा डबा बोलू लागला. "किसने खींची?" "इसी औरत ने." "अरे, आगे हमारी गाड़ी छूट जाएगी, इसके बाप की रेल है?" एका बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलाला जवळ ओढलं. गाडीतला पोलीस आला. त्याने काही विचारायच्या आतच मी मान हलवली, हो, मीच.

खालून गिट्टीवर पाय वाजले. माय धावत आली होती. एका पायात चप्पल नव्हती. तिथे प्लॅटफॉर्म नसल्यामुळे दाराची पायरी तिच्या छातीशी आली. बोलायला श्वास नव्हता, म्हणून तिने नुसता डबा वर केला. फडक्यातून लाखोळीच्या वड्यांचा वास येत होता.

"ये कौन है?" पोलिसाने विचारलं. "इसके लिए खींची?"

मी मायच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

"बोलो. तुम्हारी है तो इसका भी नाम लिखना पड़ेगा."

माझ्या मागे नवरा उभा होता. त्याच्याही मागून सासूबाईंचा आवाज आला, "कोण हाय तठी? कोण हाय वं?" सगळा डबा माझ्याकडे पाहत होता. उभ्या जन्मात इतक्या माणसांनी माझ्याकडे एकाच वेळी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "नहीं. मैं नहीं पहचानती."

तिला वाचवायला म्हटलं की लाजेनं म्हटलं, हे मी पुष्कळदा शोधलं. नाव लिहितील याची भीती होती, हे खरं. पण तिच्या नखांतला काळा भुगा त्या सगळ्यांना दिसत होता, हेही मला त्या वेळी आठवत होतं, आणि हेही खरं.

मायने डबा खाली घेतला. तिला हिंदी चांगलं कळायचं. ती पोलिसाला म्हणाली, "नहीं साहब, मेरी कोई नहीं. मैं तो इधर लकड़ी बीनती हूँ." आणि मागे सरकून उभी राहिली. गाडी सुटली. तिने हात केला नाही. लाकूड वेचणारी बाई कशाला करेल?

मला नागपूरपर्यंत दाराजवळ बसवून ठेवलं. पोलीस वाईट नव्हता, त्याने पाणी विचारलं. सासूबाई धरत धरत तिथवर आल्या, त्यांच्या धुक्याच्या डोळ्याने माझा चेहरा शोधला आणि म्हणाल्या,

"झालं ना माहेर? म्या म्हटलं होतं, रेल जाईन तेव्हा जाशीन. गेली ना रेल? गेलती ना तू? आता नाव काढू नको."

दंड झाला. दंडापेक्षा खर्च जास्त झाला, कारण त्या दिवशी ऑपरेशन हुकलं आणि दोन दिवस लॉजमध्ये राहावं लागलं. नवऱ्याने पहिल्यांदाच मला एवढं मोठं वाक्य ऐकवलं. "पूरा पैसा तू भरशीन. जोवर फिटत नाही, तोवर तिरोडी बंद." दंड, लॉज, जेवण, रिक्षा, सगळं त्याने कॅलेंडरच्या मागे मांडलं. मी बिड्या वळायला घेतल्या. ठेकेदाराकडून तेंदूची पानं आणि तंबाखू यायचा, हजार वळल्या की थोडे पैसे. बिडी सैल असली की ठेकेदार फेकून द्यायचा, फेकलेल्या बिड्यांच्या पानांचे पैसेही माझ्याच मजुरीतून कापायचा. सासूबाईंचा डोळा आता चांगला झाला होता. सैल बिडी त्या मला लांबूनच दाखवायच्या, "ते पाय, ते फेकन तो." रोज संध्याकाळी तिरोडीला थांबणाऱ्या पॅसेंजरची शिट्टी ऐकू यायची. मी बोटं चालू ठेवायची.

मायला मी फोन केला नाही. काय बोलणार होते? तिचाही आला नाही. वर्ष झालं, वर अजून काही महिने. अर्ध्याहून थोडे कमी पैसे फिटायचे उरले होते.

एका दुपारी दारात चपलांचा आवाज आला. मी आत पानं कापत होते. सासूबाई ओट्यावर होत्या.

"कोण पायजे?"

"कोणी नाही, बाई," मायचा आवाज. "तिरोडीची हाय. तुमच्या सुनेकडं पैसे उरले म्हणते, ते आणले."

शेजारच्या काकूंनी तिला कळवलं होतं, हे मला नंतर समजलं. मी दाराआड उभी राहिले. माय खूप वाळली होती. तिच्या एका चपलेला निळा पट्टा होता, दुसरीला हिरवा. ती ओट्यावर बसली नाही, पायरीखाली उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदा ती या घरी आली होती, रेलनं आली होती, आणि ओळख सांगत नव्हती. सासूबाईंनी तिला ओळखलं होतं. त्यांचा डोळा चांगला होता म्हणते ना मी. त्यांनीही ओळख दाखवली नाही. त्यांना हा खेळ सोयीचा होता.

मायने पदराची गाठ सोडली. नोटा घडी घालून घालून लहान झाल्या होत्या.

मी पेला भरून बाहेर गेले. उन्हाची वेळ होती, स्टेशनपासून ती चालत आली होती, ओठ सुकून पांढरे पडले होते. मी पेला तिच्यापुढे धरला. माझ्या तोंडून 'माय' निघेल असं मला वाटलं. सासूबाई पाहत होत्या. निघालं नाही.

तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी आई-बाप पीत नाहीत. परकी बाई असती तर घटाघटा प्याली असती. मायने मान हलवली आणि पेला हाताने हळूच माझ्याकडे सरकवला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली.

"नाही पायजे," ती म्हणाली. "मले गाडी हाय."

सासूबाईंनी बोटाला थुंकी लावली, नोटा एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. एक नोट उन्हाकडे धरून पाहिली. माय तोवर पायरीखाली तशीच उभी होती.

"पूरे हाय," सासूबाई म्हणाल्या.